मंजे, ती सीडी शोध

सांगली,
रविवार रात्र

प्रिय मंजे,

पत्र लांबणार आहे, चहा घेऊनच बस. फोन केला असता, पण नाना पलीकडच्याच खोलीत असतात आणि त्यांचे कान अजून चांगले तिखट आहेत. बाकी आम्ही सगळे बरे. नानांची शुगर आटोक्यात, वहिनीचा खांदा अधूनमधून धरतो, चाललंय.

आईच्या ओव्यांमधली ‘माहेर’ची फाइल गेली गं. पंढरीच्या, बाळाच्या, सासरच्या, सगळ्या हाती लागल्या आणि नेमकं माहेर अर्धं राहिलं. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, एका फाइलचं काय एवढं. त्याला राग यावा असं काही बोलले नाही मी, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तू तसं म्हणणार नाहीस, कारण ती तू टाइप केलीस. गणपती पेठेतल्या आपल्या कॉम्प्युटर-टायपिंगच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की आई तुझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसायची, आणि जात्यावर दळल्यासारखा हात फिरवल्याशिवाय तिला ओवी आठवायचीच नाही. तिचा उजवा हात टेबलावर गोल फिरायला लागला की तुझा माउस खाली. शेवटी तू माउस मांडीवर घेऊन बसायचीस. १९९८ साल असेल ते. त्या हाताची गोष्ट मी आता कुणाला सांगू?

झालं काय ते नीट सांगते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. नानांच्या डेस्कटॉपवर विंडोज ११ चढत नाही, म्हणून दादाने नवीन मशीन आणलं आणि जुन्यावरचं सगळं नव्यावर न्यायला घेतलं. कॉपीची हिरवी पट्टी एका जागी जी अडकली ती हलेचना. मशीन गोठलं, परत चालू केलं, पुन्हा तिथेच. डिस्कची प्रकृती दाखवणारा तो छोटा प्रोग्रॅम लावला तर पिवळा इशारा. डिस्कचे वाचता न येणारे तुकडे, म्हणजे सेक्टर, दर वेळी पाहिलं की आकडा थोडा वाढलेला.

त्यावर दादा निर्धास्त. ‘बाहेरच्या डिस्कवर बॅकअप आहे की, रोज होतो.’ आणि खरंच होत होता. विंडोजची आपोआप प्रती काढणारी फाइल हिस्टरी सुरू, शेवटची प्रत आदल्याच दिवशीची, कुठे लाल खूण नाही. मी ती डिस्क उघडली, एकेक फोल्डर उतरत ‘डेटा’पर्यंत गेले. आत फक्त ‘सी’ ड्राइव्हचा फोल्डर. त्याच्या शेजारी ‘डी’ असायला हवा होता, तो नव्हताच.

तुला लगेच कळलं असेल. आपण स्वतः गिऱ्हाइकांना काय सांगायचो? सी मध्ये काही ठेवू नका, विंडोज बिघडलं की फॉरमॅट मारावा लागतो, आपलं सगळं डी मध्ये ठेवा. त्या काळात ते बरोबरच होतं. नानांनी ते इतकं मनावर घेतलं की आजतागायत त्यांचं सगळं लिखाण डी मध्ये, ‘नाना’ नावाच्या फोल्डरमध्ये. आणि फाइल हिस्टरी आपणहून उचलते ते डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो, गाणी असलं. डी मधला फोल्डर तिला मुद्दाम जोडून द्यावा लागतो. ज्या दुकानदाराने ते लावून दिलं त्याने नानांना विचारलंच नाही की तुम्ही फाइल ठेवता कुठे. तेव्हा नानांचा वॉलपेपर आणि विजेच्या बिलांची डाउनलोड केलेली पावती यांच्या प्रती वर्षानुवर्षं इमानेइतबारे निघत राहिल्या आणि ओव्यांची एकही नाही. वर घरातल्या प्रत्येकाची समजूत की डी म्हणजे वेगळी डिस्क. एकाच डिस्कचे दोन कप्पे ते, डिस्क गेली की दोन्ही गेले.

आणि कागदावरची प्रत? ती २०१९ च्या पुरात गेली, हे तुला माहीत आहे. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि गावभागातलं आपलं तळघराजवळचं कपाट पहिल्याच रात्री बुडालं. माडीवरचं मशीन वाचलं म्हणून आपण हुश्श केलं होतं.

दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, चेकडिस्क मारा, सगळं दुरुस्त होईल. मी दादाच्या हातातून माउसच काढून घेतला. मंजे, हे तू जिथे असशील तिथे लोकांना सांगत जा. डिस्क मरायला टेकली असेल तेव्हा चेकडिस्क तिच्यावर लिहीत सुटतो, फाइलींची व्यवस्था सरळ करायच्या नादात आतला मजकूर उधळतो. आधी डिस्कची जशीच्या तशी पूर्ण प्रत काढायची, आणि मग जे काय करायचं ते प्रतीवर. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, डीडीरेस्क्यू लावलं. ते फार शहाणं आहे. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं तेवढं घेतं, अडलं की पुढे उडी मारतं, आणि कुठे काय राहिलं त्याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. मग त्या नकाशावरून राहिलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न. ५०० जीबीची डिस्क, रात्रभर तो आकडा सरकताना पाहत बसले. नाना मध्ये उठून आले, खुर्ची ओढून बसले, म्हणाले, ‘आपल्या परीक्षेचा निकाल लागतोय का?’ मी म्हटलं, हो, आणि पास होणार. शेवटी जवळजवळ सगळी डिस्क आली, किरकोळ काही केबी सोडून. एवढ्या मोठ्या डिस्कवर त्या काही केबींना दुसरी कुठलीही जागा मिळाली असती.

फाइली नव्या मशीनवर उघडल्या तर काय, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! वहिनी घाबरली, की सगळंच खराब झालं. ते मात्र खराब नव्हतं. श्रीलिपीतलं टायपिंग ना ते, सगळीकडे चालणारं युनिकोड कुठे होतं आपल्याकडे तेव्हा. आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर, आणि फॉन्ट त्याला देवनागरीचा वेश चढवतो. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये, तो कुठल्याच बॅकअपमध्ये नाही. नशिबाने पूर्ण डिस्कची प्रत घेतली होती, तिच्यातून आपले श्री-देवचे फॉन्ट काढून नव्या मशीनवर घातले, आणि एका क्षणात पडद्यावर आईची पंढरी उभी राहिली. मला तर भरूनच आलं. महाराष्ट्रात किती घरांत, किती छापखान्यांत अशा फाइली पडून असतील, श्रीलिपीतल्या, आयएसएममधल्या, ज्यांच्या प्रती आहेत पण फॉन्ट कुणी ठेवलेला नाही! मी आता सगळ्या ओव्या युनिकोडमध्ये उतरवतेय. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात माती खातो, म्हणून ओळ न ओळ वाचावी लागते. वाचायला आवडतंही.

‘माहेर’ उघडताना वर्ड म्हणालं, फाइल बिघडली आहे. आतला मजकूर उपसून काढला तर भावाला सांगावा धाडलेल्या ओवीपर्यंत नीट आहे, आणि पुढे नुसती शून्यं. पेजमेकरमध्ये तू लावलेली ती पानं आठवतात? त्यात असेल म्हणून शोधलं, पण त्यात तू माहेर लावलंच नव्हतंस, आपलं ते भांडण झालं होतं ना, आधी सासर की आधी माहेर. तू अडून बसलीस की माहेर शेवटी, आणि शेवटपर्यंत पुस्तक पोचलंच नाही. मला अजूनही वाटतं माहेर आधी हवं होतं. असो.

नानांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते रोज सकाळी नव्या मशीनसमोर बसतात, एक भाग वाचतात, मान हलवतात. क्रमाने चाललेत. माहेर अजून लांब आहे.

या धसक्याने मी घरातली सगळी मशीनं तपासायला काढली. वहिनीच्या लॅपटॉपवर चिन्याने स्वतः फाइलींच्या प्रती काढणारं रोबोकॉपी लावून दिलेलं. पोरगं हुशार आहे. पण काम फक्त चार्जर लावलेला असतानाच चालू होतं, विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ती अट आधीपासून टिक केलेली असते, आणि वहिनी रात्री बॅटरीवरच हिशेब करत बसते. त्यातून बाहेरच्या डिस्कचं अक्षर एफ होतं ते जी झालेलं, म्हणजे चार्जर असता तरी प्रत जाणार कुठे? वर चिन्या म्हणतो, आधी चालायचं तेव्हाही निकालात १ हा आकडा यायचा, म्हणजे फेल. रोबोकॉपीत एक म्हणजे फाइली नीट गेल्या. आठ किंवा त्याच्या वर आलं की घाबरायचं. त्याने मिररचा पर्याय टाकला होता, तो मी काढायला लावला, कारण इकडे चुकून पुसलं की पुढच्या प्रतीत तिकडचंही पुसतं. हेच आपल्या ओवी पोरीला फोटोंच्या बाबतीत समजावताना माझं तोंड दुखलं. फोनमध्ये जागा हवी म्हणून तिने गूगल फोटोजमधूनच फोटो डिलीट केले, आणि ते सगळीकडून गेले. कचऱ्याच्या टोपलीत ६० दिवस राहतात म्हणून तिच्या वाढदिवसाचे वाचले. एकाच गोष्टीचं सगळीकडे सारखं दिसणं निराळं आणि जुनी प्रत बाजूला ठेवलेली असणं निराळं. पोरांना हे शाळेत का शिकवत नाहीत?

नानांचं ऐक मात्र. वहिनीचा लॅपटॉप आतून कुलूपबंद आहे, बिटलॉकर. तो कधी अडला तर ४८ आकडी किल्ली मागणार. ही किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाते, आणि लॅपटॉप लावून देणाऱ्याने खातं घातलेलं स्वतःचं! ते बदलून किल्ली काढली आणि नानांना म्हटलं, तुमच्या डायरीत लिहून ठेवा. त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात, देवनागरी आकड्यांत, सहाचे आठ गट लिहिले. चिन्या ३ आणि ६ मध्ये अडखळला. मग मी नानांना सांगितलं की यातल्या प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो. गणिताचे मास्तर ते! पेन्सिल घेऊन आठही गट भागून पाहिले, एकात खरंच लिहिताना अंक चुकला होता, तो पकडला. दिवसभर खुशीत होते.

आता घरात एक डिस्क, आणि एक विश्रामबागेत आत्याकडे, कारण गावभागात पाणी येणार ते दोन्ही डिस्कना एकदमच येणार. आत्याची डिस्क महिन्याला इकडे येते आणि भरून परत जाते. आणि प्रत्येक वेळी कुठलीतरी एक फाइल तिच्यातून परत काढून, दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायची, फॉन्टसकट. हिरव्या खुणेवर माझा विश्वास उडालाय. चिन्याला ते सगळं दाखवून ठेवतेय, मी नसेन तेव्हा कुणालातरी माहीत हवं.

तर तुझ्याकडे काम. दुकान बंद केलं तेव्हा तू सगळ्याची सीडी मारून नेलीस, निळसर पाठ असलेली, वर तुझ्या अक्षरात ‘दुकान सर्व’. तुझ्या लोखंडी पेटीत असणार. झिप ड्राइव्हही तिथेच असेल, ज्याच्यावरून तू माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हतीस! १०० एमबीच्या त्या डिस्का, आणि तुला वाटलं होतं जग त्यावर चालणार. त्याही ठेव, त्यातही असू शकेल. सीडी सापडली की पुसायचीच असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे, गोल गोल नाही. वरच्या बाजूवर काही चिकटवू नकोस, खरवडू नकोस, खरा थर तिथेच लेबलाखाली असतो. आणि दहादा ड्राइव्हमध्ये घालून पाहू नकोस, एकदा वाचली गेली तर लगेच पूर्ण प्रत घे. अडली तर तशीच ठेव, मला पाठव, मी डीडीरेस्क्यूने काढते. कुरियरने पाठवशील तर कडक डबीत. फाइली मिळाल्या तर एकेक व्हॉट्सॅपवर नको, सगळा फोल्डर एकत्र झिप करून, फॉन्टचा फोल्डर असेल तर तोही.

सीडी नसेल तर दुसरं सुचतंय. तुला त्या ओव्या पाठ होत्या. टाइप करताना गुणगुणायचीस. भावाच्या सांगाव्यानंतर काय होतं, आठवेल तेवढं फोनवर म्हणून रेकॉर्ड कर, चाल चुकली तरी चालेल.

सायलीचं ठरलं असं मावशीकडून कळलं, मुलगा कसा आहे, कार्य कधी, नीट लिही. भाऊजींची बदली टळली का? तुझ्या गुडघ्याला त्या डॉक्टरांचा उतार पडला का? मी कार्याला चार दिवस आधी येणार, रुखवत माझ्याकडे.

फोन केलास तर रात्री दहानंतर कर, नाना झोपलेले असतात. आणि पेटी उद्याच उघड.

तुझी
शैला