गणपतीच्या शाळेतल्या तात्यांना

तात्या,

तुम्ही मोबाईल बघत नाही. नातू वाचून दाखवील, म्हणून इथं लिहितेय.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडल्याला अकरा वर्षं झाली. मुंबई-पुण्यात चारचौघांबरोबर माझी मुद्राचित्रं, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेली चित्रं, लागली, पण वेंगुर्ल्यात, आपल्या घरी, एकदाही नाही. गावातल्या एका हॉलच्या कमिटीकडे मी दोनदा गेले. पहिल्यांदा तारीख देऊन आठवडा आधी काढून घेतली, लग्न आलं म्हणून. दुसऱ्यांदा एका सद्गृहस्थांनी माझ्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या माणसांच्या, वुडकटची, लाकडी ठशाच्या छापाची, गुंडाळी करून रबरबँड लावला आणि म्हणाले, "प्रिंटच ना? झेरॉक्स काढून लावा की." कागदाला पडलेली ती घडी अजून गेलेली नाही.

तुमची गणपती घडवायची शाळा एकवीस दिवसांच्या गणपतींनंतर रिकामी असते हे मला आईनं सांगितलं. मी आले तेव्हा तुम्ही साचे धूत होता. मी पिशवीतून चित्र काढलं, तसे तुम्ही म्हणालात, "थांब गो, हातांक माती हा." पडवीत गेलात, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतलेत, दोरीवरचा धुतलेला पंचा घेऊन बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या केल्यात. मग कागद दोन कोपऱ्यांनी धरून उजेडाकडे नेलात. इतक्या वर्षांत इतक्या सावकाशीनं माझा कागद कोणी हातात घेतला नव्हता. घरी जाऊन मी रडले, हे आता सांगते.

खाली पेन्सिलीनं लिहिलेलं 5/12 बघून तुम्ही विचारलंत, हे काय. एका ठशाचे बाराच छाप, हा पाचवा, नंतर ठसा रद्द. तुम्ही मान हलवलीत. "साचो एकच. डोळे मी परत्येकाचे वेगळे आखतंय." मुद्राचित्रणाचा तास मला एवढ्या थोडक्यात कोणी घेतला नव्हता!

तुमच्या भिंतीवर काचेतली जुनी लक्ष्मी होती. रवि वर्मांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, एकेका रंगाला वेगळा दगड लावून देव छापले, आणि ते घराघरांत गेले. त्या लक्ष्मीला उदबत्ती लावताना झेरॉक्स कोणाला आठवत नाही.

मग चार दिवस तुमच्या फळ्यांवर, मूर्तींच्या जागी, माझ्या होड्या आणि माडांचे छाप उभे राहिले. बंदरावरची माणसं आली, रापणीत कोण कुठं उभं आहे यावर भांडली. भाड्याचं नाव काढलं तर तुम्ही मला चहा पाजलात. माणसं अशीही असतात, आणि ती बहुधा कुठल्या कमिटीत नसतात.

तुम्हाला दिलेला तो 5/12 मात्र पाठच्या भिंतीवर लावू नका. तिथं पावसात ओल उतरते, कागदाला बुरशी धरेल. लक्ष्मीशेजारी एक खिळा रिकामा आहे.

तुमचीच,
बंदरावरची मुलगी