तोफ देईन, बार काढू देणार नाही

नागपूर,
3 ऑगस्ट

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी नुसतं "बघू" म्हणालो, कारण आई शेजारीच बसली होती आणि ती तुझ्या बाजूची. आता ती भिशीला गेली आहे, तेव्हा निवांत लिहितो.

मंडळाचे पोट्टे तुझ्यापर्यंत पोचले तर. मला समोर येऊन विचारायची छाती नाही, म्हणून पुण्याहून वशिला लावला. गणपतीच्या मिरवणुकीत मी घरी केलेली आपली लाकडी तोफ सगळ्यांत पुढे चालवायची, इथवर माझी काहीच हरकत नाही. उलट बरंच वाटेल. पण चौकाचौकात तिच्या तोंडात सुतळी बॉम्ब कोंबून सलामी द्यायची ही जी पुढची टूम आहे, तिला माझा साफ नकार. म्हातारा हट्टी झालाय असं आई म्हणालीच असेल. झालोय. पण ह्या नकारामागे हट्टापेक्षा पक्कं कारण आहे आणि ते तुझ्यासारख्या मेकॅनिकलवाल्याला चटकन कळेल.

तू दिवाळीत आलास तेव्हा नळीवर लांबी (म्हणजे पुट्टी) आणि प्रायमर चढलेलं होतं, त्यामुळे आत काय आहे ते तुला दिसलं नाही. आतून ती पोकळ आहे. मधे प्लायच्या गोल चकत्या, त्यांच्यावर शिवण लाकडाच्या 24 उभ्या पट्ट्या, एकीला एक चिकटवलेल्या. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा साडेसात अंशांत तासलेल्या. 48 कडा झाल्या, म्हणजे बरोबर 360 अंश. दर कडेला रंधा अर्धा अंश जरी हलला तरी शेवटची पट्टी बसवताना 24 अंशांची फट तोंड वासून उभी राहते. त्यात नळी मागे जाड आणि तोंडाकडे निमुळती, म्हणून प्रत्येक पट्टीही निमुळती. एवढी लांब वस्तू आपल्या खरादावर चढत नाही. ती दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकली, वर रूळ बांधला, रुळावर राउटर, म्हणजे लाकूड तासायचं यंत्र, सरकवत गेलो आणि नळी हाताने इंच-इंच फिरवत राहिलो. आई तेव्हा म्हणाली होती की इतक्या वेळात माणूस खरी तोफ ओतून मोकळा झाला असता. तिचं फार चूक नव्हतं.

आता ह्या नळीत बार काढला तर काय होईल ते बघ. नळीत दाब वाढला की गोलाईच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या दुप्पट असतो. तुझ्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात मीच वाचलं होतं. म्हणजे नळी आडवी तुटण्याआधी उभी चिरायला बघते. आणि लाकूड तर उभंच चिरतं, रेषा धरून, सरपण फोडताना चिरतं तसं. ताण जिथे सगळ्यांत जास्त, तिथेच लाकूड सगळ्यांत दुबळं. वर चार थर लांबी आणि पितळी रंग आहे म्हणून त्या पोट्ट्यांना ती धातूची वाटते. फुटली तर त्या 24 पट्ट्यांच्या सळया होतील आणि तोंडाशी उभा असलेला पहिला माणूस आपल्याच गल्लीतला असेल.

लाकडी तोफा कोणी उडवल्याच नाहीत असं मात्र नाही. 1876 मध्ये बल्गेरियातल्या लोकांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांच्याकडे तोफा नव्हत्या. त्यांनी चेरीच्या झाडाचे ओंडके आतून कोरले, बाहेरून लोखंडी कड्या ठोकल्या आणि त्या तोफा रणात आणल्या. त्यातल्या काही स्वतःच फुटल्या. ते मरायला निघालेले लोक होते, त्यांचा हिशोब वेगळा. आपल्याला फक्त चौकातून डावीकडे वळायचं आहे.

मला ह्यापेक्षा दुसरी गोष्ट फार आवडते. 1780 चा डिसेंबर, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, साउथ कॅरोलायना. इंग्रजांच्या बाजूचे शंभरावर लोक एका भक्कम कोठारात दडून बसलेले. कर्नल विल्यम वॉशिंग्टनकडे फक्त घोडेस्वार, तोफ एकही नाही. त्याने पाइनचा एक ओंडका तासून तोफेसारखा उभा केला, तो त्यांच्याकडे रोखला आणि शरण या म्हणून निरोप धाडला. आले की सगळे शरण! पुढे त्यांच्या यादवी युद्धातही ओंडके काळे रंगवून तटबंदीवर मांडून ठेवायचे, लांबून दुर्बिणीने पाहणाऱ्याला धडकी भरावी म्हणून. लाकडी तोफेचं खरं काम हेच, दिसणं. ती बरोबर मापात दिसली पाहिजे, बस.

आणि मापाच्या बाबतीत तू माझ्याशी वाद घालू नकोस. उभी नोकरी फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे साचा घ्यायचे लाकडी नमुने, बनवण्यात गेली. बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण 1 टक्का आवळतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. ब्राँझला त्याहून थोडा जास्त. तोफेची नळी काढताना माझा हात आपोआप श्रिंकेजच्या पट्टीकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचो. इथे काही ओतायचंच नाही, लाकूड हाच शेवटचा माल. पण गंमत अशी की खऱ्या तोफेची सुरुवातही लाकडानेच व्हायची. लाकडी दांड्याला गवताची दोरी गुंडाळायची, वर माती लिंपून तोफेचा आकार फिरवून घ्यायचा, नळी गाड्यावर ज्यांवर टेकते ते बाजूचे दोन खुंट लाकडाचे करून बसवायचे, त्यावर साचा घ्यायचा आणि मग आतला सगळा पसारा काढून टाकायचा. साचा फोडल्याशिवाय तोफ बाहेर येत नसे. त्या दांड्याजवळ बसलेला माणूस माझ्याच धंद्यातला होता, ह्याचा मला उगीचच अभिमान वाटतो.

तू विचारलंस, 6 पौंडीच, म्हणजे 6 पौंडांचा गोळा फेकणाऱ्या जातीची, का केली, एवढी मेहनत करायची तर विजापूरची मुलूखमैदान करायची होती. अरे, ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतली, वजन 55 टनांच्या आसपास, तोंडाचं भोक सव्वादोन फुटांहून मोठं. तिच्या लाकडाच्या पैशात तुझ्या बहिणीचं लग्न पुन्हा लागेल. तंजावरची मोठी तोफ तर 25 फुटांची, आपलं फाटक काढावं लागेल. 6 पौंडीची नळी 5 फूट, भोक 3.67 इंच, खरी असती तर वजन सुमारे 300 किलो. आपली चौघे जण उचलून टेम्पोत घालतात. आणि ती आपल्या गावची आहे. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर इंग्रजांकडे ह्याच जातीच्या तोफा होत्या. अप्पासाहेब भोसल्यांच्या अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथे हाती लागलेली तोफ मोठ्या टेकडीवर फिरवली. त्या क्षणी इंग्रजांचा निभाव लागतो की नाही अशी गत होती. लागला, आणि त्यानंतर वर किल्ला बांधला गेला. आज आपण बर्डीवर उतरून मोमोज खातो, पण त्या उतारावर काय झालं होतं ते किती पोट्ट्यांना माहीत आहे? त्यांना मिरवणुकीत ते सांगा, धूर कशाला पाहिजे?

आता चाकांचं. ह्यात मी थोडा वाहवत जाईन, तू वाचच.

तोफगाड्याचं चाक 5 फुटी. तिकडे इंग्रज तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गाभा, एल्मचा, आरे ओकचे आणि घेराचे वाकडे तुकडे ॲशचे करत. आपल्याकडे बाभूळ. तुंबा आणि आरे मी घरी केले, पण धाव, म्हणजे बाहेरचं लोखंडी कडं, चढवणं घरच्या अंगणात होत नाही. कळमेश्वरकडच्या एका गावात एक म्हातारे वाढई अजून बंडीची चाकं बांधतात. सगळीकडे टायरच्या बंड्या झाल्या, त्यामुळे त्यांच्याकडे काम कमी आणि गप्पा भरपूर. त्यांनी चाकाचा घेर दोरीने मोजला, लोखंडी पट्टी त्याहून बोटभर कमी कापली आणि कडं जोडलं. मग गोवऱ्या गोल रचून त्यात ते पुरलं. तासाभराने कडं लालसर झालं. तिघांनी तीन बाजूंनी सांडशांत धरून ते चाकावर टाकलं, हातोड्यांनी खाली बसवलं. बाभळीने पेटच घेतला, डोळ्यांत धूर, आणि म्हातारबुवा ओरडतायत, "पानी टाका ना बे, पाहून काय राह्यले!" बादल्या ओतल्या. कडं आवळायला लागलं तशी चाकातून कडकड आवाज आला, एकेक आरा तुंब्यात घुसत गेला. सकाळी हाताने हलणारे सांधे पाच मिनिटांत असे बसले की सुरीचं पातं जाईना. फेविकॉलचा एक थेंब नाही त्यात. आणि चाक सपाट राहिलं नाही, आरे मधून किंचित बाहेर झुकले, उथळ परातीसारखे. तो झोक मुद्दाम ठेवलेला असतो. गाडा खड्ड्यात एका अंगावर गेला की बाजूचा धक्का ते चाक पेलतं.

त्या धुरात उभा असताना माझ्या डोक्यात आलं की दक्षिणेतल्या घडीव लोखंडाच्या जुन्या तोफा अशाच व्हायच्या. लोखंडाच्या उभ्या पट्ट्या गोल मांडायच्या आणि त्यांच्यावर तापवलेली कडी एकीला एक भिडवून चढवायची. थंड झाली की आवळतात. उभी चिरू पाहणाऱ्या नळीला आडवं धरून ठेवतात. तंजावरची ती तोफही ओतलेली नाही, घडवलेलीच आहे. म्हणजे बंडीचा वाढई आणि तोफेचा लोहार ह्यांची विद्या एकच. तेव्हापासून दुसरी तोफ कोणती करायची ते ठरलं आहे. नरनाळ्याच्या नऊगजीचा विचार होता, पण लांबी बघून आई काहीच बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा मी जपून असतो. लहानशी कुठली तरी करीन, पण घडीव आणि कड्यांची.

आत्ता काम बंद आहे. पावसाळ्यात मी काही चिकटवत नाही. ऑगस्टमध्ये फुगलेली पट्टी चिकटवली तर मे महिन्यात 46 अंशांना ती सुकून बारीक होते, आतली प्लायची चकती मात्र जागची हलत नाही, आणि सांधे उघडतात. म्हणून पट्ट्या गच्चीवरच्या पत्र्याखाली वाळवायच्या आणि चैत्र-वैशाखात बसवायच्या. त्याच दिवसांत घरात कूलर चालू असतो आणि कूलरची ओल लाकडाला चालत नाही, त्यामुळे मी मागच्या खोलीत घामाने निथळत आणि आई पुढच्या खोलीत वाळ्याच्या वासात. तिची एकच तक्रार आहे की मी पाणी प्यायला येतो तेव्हा भुसा घेऊन येतो.

बसून कामाची चीज करा काही, असं तू मागे म्हणाला होतास. लाकडी तोफ काय कामाची? मन्या, तू नागपूरचा आहेस. बैल रानात असताना आपण तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवतो, त्याला बेगड लावतो, पोरं दारोदार ओढत नेतात आणि लोक त्याची पूजा करून खाऊ देतात. हा सण रघुजी राजांच्या काळापासून चालत आला असं सांगतात. तुझा सागवानी नंदी मीच केला होता, त्याचं एक चाक वाजायचं म्हणून तू रडलास आणि मी रात्री परत तासत बसलो. लाकडी बैल नांगराला कधी जुंपणार असं तेव्हा कोणी विचारलं नाही.

तर पोट्ट्यांना असं सांग. तोफ न्यावी, पण टेम्पोवर दोरांनी बांधून. रस्त्यावर ओढायची असेल तर फक्त शेवटच्या सपाट गल्लीत, आणि मी सोबत असेन. पावसाची सर आली की आधी तोफेवर ताडपत्री, मग स्वतःच्या डोक्यावर. नळीच्या मागच्या टोकात मी लोखंडी तुकडे भरले आहेत, कारण खरी तोफ खुंटांवर किंचित मागे जड असते, म्हणून मागचं टोक नळी वर-खाली करायच्या स्क्रूवर टेकून राहतं. तोंडावर कोणी पोरगं बसवलं की तो तोल जातो आणि मागचं टोक वर उसळतं. फोटोसाठी बसवतीलच, म्हणून आधीच सांग. तोंडात मी लाकडी डाट बसवून आतून स्क्रू मारणार आहे. खऱ्या तोफांनाही पावसात डाट लावतच. त्यामुळे बॉम्ब ठेवायला जागाच राहणार नाही. आवाज हवाच असेल तर ढोल-ताशे आहेत, आणि आपल्या पथकाचा ताशा तोफेला भारी आहे.

15 ऑगस्टला सीताबर्डीचा किल्ला लोकांना उघडतो. लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे वर्षातून असे मोजकेच दिवस मिळतात. तू त्या शुक्रवार-शनिवारकडे येणार असशील तर सकाळी लवकर जाऊ, रांग मोठी असते. लहान टेकडीकडून मोठीकडे बघितलं की तोफ कुठे फिरवली असेल ते अंदाजाने दाखवतो. येताना तुझ्या ऑफिसमधल्या कोणाकडून चांगलं डिजिटल व्हर्निअर मिळतं का बघ, माझ्याचा आकडा आता हलायला लागला आहे. पैसे पाठवू नकोस, वस्तूच आण. आईने चिवड्याचा डबा परत आणायला सांगितला आहे, तोही विसरू नकोस. मागच्या खेपेचा आणि त्याच्या आधीचाही.

तुझा,
बाबा