तुझ्या वज्रकाला भूक असू दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कथेचा खर्डा मिळाला आणि एका बैठकीत वाचून संपवला. १९४१ पासून दुसऱ्या महायुद्धाला वेगळं वळण द्यायची कल्पना मला मनापासून आवडली. धुक्यातून जर्मन रणगाडे पुढे येतात आणि समोरच्या तोफांचे गोळे त्यांच्यावरून घसरून जातात, तो प्रसंग तू फार ताकदीने लिहिला आहेस. पण त्यानंतरच्या प्रकरणांत मला एकदाही कुणाची काळजी वाटली नाही, आणि त्याचं कारण तुझं वज्रक आहे, त्या रणगाड्यांच्या चिलखतासाठी तू कल्पिलेलं द्रव्य. ते पोलादापेक्षा हलकं, दसपट मजबूत, वितळत नाही, गंजत नाही, आणि कुठल्याही कारखान्यात हवं तेवढं तयार होतं. ज्याला कशाचीच गरज नाही, त्याच्यासाठी कुणाला धडपडावं लागत नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. वज्रक ठेवच, फक्त त्याला भूक दे.

खऱ्या युद्धात असं एक अद्भुत द्रव्य सापडलं होतं. १९४२ मध्ये जेफ्री पाइक या इंग्रज गृहस्थाने बर्फाचं विमानवाहू जहाज बांधायची योजना मांडली. साधा बर्फ तडकतो. पण पाण्यात वजनाच्या सुमारे १४ टक्के लाकडाचा लगदा मिसळून ते गोठवलं, की तयार होणारा ठोकळा बंदुकीच्या गोळीला दाद देत नाही आणि वितळतोही फार सावकाश. त्याला पायक्रीट म्हणू लागले. पुढे प्रथिनांच्या रचनेसाठी नोबेल मिळवणारे मॅक्स पेरुट्झ तेव्हा लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराखालच्या शीतगृहात हे ठोकळे तपासत होते. ६०० मीटर लांबीचं, वीस लाख टनांचं जहाज कागदावर तयार झालं. १९४३ मध्ये कॅनडातल्या पॅट्रिशिया सरोवरात १८ मीटर लांबीचा, हजार टनांचा नमुना बांधलासुद्धा. पण बर्फ भाराखाली हळूहळू वाहतो. जहाजाचा आकार टिकवायचा तर ते उणे पंधरा अंशांच्या आसपास सतत थंड ठेवायला हवं. म्हणजे शीतयंत्रं आली, नळ्यांचं जाळं आलं, बाहेरून आवरण आलं आणि या सगळ्याला लागणारं पोलाद आलं. पोलाद वाचवायला निघालेली वस्तूच पोलाद मागू लागली. तोवर लांब पल्ल्याची विमानं आली, पोर्तुगालने अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरचे तळ वापरू दिले, तरंगत्या तळाची गरज उरली नाही, आणि योजना बासनात गुंडाळली गेली.

या हकिकतीत गोळी अडवणारा ठोकळा मला आवडतोच, पण त्याहून ते उणे पंधरा अंश जास्त आवडतात. तुझ्या वज्रकाचे उणे पंधरा अंश कुठे आहेत?

आता माझा प्रस्ताव ऐक. नवं मूलद्रव्य शोधू नकोस. आवर्तसारणीत रिकामी घरं उरलेली नाहीत, आणि अशनीतून आलेला धातू म्हटलं की जाणता वाचक पुस्तक मिटतो. वज्रक हे बोरॉन कार्बाइडचं भावंड असू दे. बोरॉन कार्बाइड खरं आहे. हिऱ्याच्या खालोखाल काठिण्य असलेल्या मोजक्या पदार्थांत ते येतं. त्याची घनता २.५२, पोलादाची सुमारे ७.८५, म्हणजे वजन जेमतेम एक तृतीयांश. १९३० च्या दशकातच ते घासायच्या कामासाठी विकायला आलं होतं, आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या वैमानिकांच्या आसनांना त्याचं चिलखत बसलं. म्हणजे तुझ्या कथेतल्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाताशी ते आहेच, फक्त त्याच्याकडे कुणी चिलखत म्हणून बघितलेलं नाही.

त्याचा दोष एकच, पण तो मोठा आहे. चिनी मातीच्या बशीसारखं ते तडकतं. धातूत अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे चिरेचं टोक बोथट होतं आणि चीर थांबते. बोरॉन कार्बाइडमध्ये अणूंचे बंध इतके घट्ट की काहीच घसरत नाही. चीर निघाली की आरपार जाते. तुला जे एकमेव खोटं बोलायचं आहे ते इथे बोल. कुणाला तरी ते चिवट करायची युक्ती सापडली, एवढंच. त्याचा नमुनाही निसर्गात आहे. शिंपल्याच्या आतलं चमकदार अस्तर ९५ टक्के ठिसूळ खनिजच असतं, पण त्याच्या पातळ चकत्यांमध्ये प्रथिनाचे अतिसूक्ष्म थर असतात, चीर प्रत्येक थरापाशी वळते आणि दमते. त्यामुळे ते अस्तर नुसत्या खनिजापेक्षा कित्येक पटींनी चिवट होतं. तुझ्या शोधकर्तीने भट्टीत दाण्यांच्या मध्ये असा मऊ थर आणला असं मान. कसा आणला ते अर्धवटच सांग.

शोधाचा प्रसंगही बदल. विजेचा लोळ पडून स्फोट होतो आणि राखेत वज्रक चमकतं, हे मला पटलं नाही. १९६५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या हाती केव्हलारचं, म्हणजे गोळी अडवणाऱ्या जाकिटांतल्या धाग्याचं, द्रावण आलं, ते गढूळ आणि पातळ होतं, फेकून द्यावं असंच दिसणारं. सूतकताई यंत्रावरच्या माणसाने ते यंत्रात घालायला आधी नकार दिला, नळ्या तुंबतील म्हणून. बाईंनी आग्रह धरला. तो नकार आणि तो आग्रह यांत किती नाट्य आहे बघ.

या एका खोट्यानंतर मात्र सगळं खरं लिहायचं. तिथून कथा आपोआप वाढत जाते, हे मी कागदावर मांडून पाहिलं आणि रात्री झोप लागेना.

बोरॉन कार्बाइड बनवायला बोरिक ऑक्साइड आणि कार्बन विजेच्या भट्टीत २००० अंशांच्या वर तापवावे लागतात. म्हणजे बोरॉन हवं आणि प्रचंड वीज हवी. बोरॉन जगात मोजक्याच ठिकाणी एकवटलेलं आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आहे, ते अमेरिकेचं. तुर्कस्तानच्या पश्चिम भागात १८६० च्या दशकापासून बोरेट, म्हणजे बोरॉनचं खनिज, खणलं जातं, आणि तुर्कस्तान तटस्थ होतं. खऱ्या युद्धात पोलाद कणखर करायला लागणाऱ्या तिथल्या क्रोमसाठी दोन्ही बाजू बोली लावत होत्या. एप्रिल १९४४ मध्ये तुर्कस्तानने जर्मनीला क्रोम देणं थांबवलं. तुझ्या कथेत हीच ओढाताण बोरेटसाठी होईल, फक्त दुप्पट जिवावरची. आणि तिसरी जागा इटलीत, टस्कनीमधलं लार्देरेल्लो. तिथे जमिनीतून उकळती वाफ उसळते, त्या भागाला सैतानाची दरी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्या गरम पाण्यातून बोरिक आम्ल काढण्याचा मोठा उद्योग उभा राहिला, आणि १९०४ मध्ये त्याच वाफेवर वीज निर्माण करून पाच दिवे लावले गेले. पुढे तिथे वीजकेंद्रं झाली. एकाच दरीत बोरॉन आणि वीज! तुझा कारखाना तिथेच असायला हवा, जर्मनीत राइन नदीच्या काठी नको. मग १९४३ मधली इटलीची शरणागती तुझ्या कथेत एका ओळीत उरकता येणार नाही. खऱ्या इतिहासात १९४४ मध्ये लार्देरेल्लोची वीजकेंद्रं उद्ध्वस्त झाली. तुला शेवटाची लढाई हवी होती ना, ती इथे आहे.

दुसरी भूक हिऱ्यांची. इतकं कठीण द्रव्य कापायचं, भोक पाडायचं, तर हिराच लागतो. कृत्रिम हिरे १९५० च्या दशकात आले. तेव्हा औद्योगिक हिऱ्यांचा मोठा साठा बेल्जियन काँगोतून येत होता आणि तो दोस्त राष्ट्रांच्या हातात होता. म्हणजे जर्मनीकडे वज्रक आहे, पण त्याला आकार द्यायला हिऱ्यांची पूड नाही. तुझ्या खर्ड्यात दुसऱ्या प्रकरणातला तो तस्कर उगाच येऊन जातो. त्याच्या अस्तरात हिऱ्यांची पूड शिवून दे, म्हणजे त्याच्या प्रत्येक पावलाला वजन येईल. अशी टंचाई काय करते याचा खरा दाखलाही आहे. जर्मनांनी १९४२ मध्ये एक रणगाडाभेदी तोफ काढली, तिची नळी ७५ मिलिमीटरपासून ५५ पर्यंत निमुळती होत जायची आणि गोळ्याचा वेग भयंकर वाढायचा. गोळ्याच्या गाभ्याला टंगस्टन लागत होतं. टंगस्टन संपत आलं आणि अशा सुमारे दीडशेच तोफा झाल्या.

आता रणगाडा. वज्रक वितळवून जोडता येत नाही, त्यामुळे वेल्डिंग नाही. लहान चौकटी फरशीसारख्या पोलादी सांगाड्यावर बोल्टने बसवाव्या लागतील, आणि प्रत्येक बोल्टचं भोक हिऱ्याने पाडलेलं असेल. युद्धाच्या सुरुवातीच्या रिव्हेट मारलेल्या रणगाड्यांत, गोळा आत शिरला नाही तरी धडकेने रिव्हेटची डोकी तुटून आत उडायची आणि माणसं मारायची. तुझ्या अभेद्य रणगाड्यातही तेच होऊ दे. बाहेरची चौकट शाबूत, तिच्यावर साधा ओरखडा, आणि आत तोफ भरणारा पोरगा मरून पडलेला. युद्धकथेत मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तुझ्या खर्ड्यात चिलखताच्या आतलं कुणीच मरत नाही, आणि मग युद्ध खेळासारखं होतं. संपूर्ण रणगाडा धक्क्याने उलटतो असं मात्र लिहू नकोस: दहा किलोचा गोळा सेकंदाला ८०० मीटर वेगाने आला, तरी २० टनांच्या रणगाड्याला ताशी दीड किलोमीटरचाच धक्का बसतो.

वज्रकाचा खरा फायदा पुलांवर दिसेल. टायगर रणगाडा ५७ टनांचा होता, कितीतरी पूल त्याला पेलत नव्हते. हलक्या चिलखताचा रणगाडा लहान पुलावरून जाईल आणि तेल कमी पिईल, आणि जर्मनीला तेलाचीच चणचण होती. नकाशावरचे रस्तेच बदलतील.

आणि शत्रूचं उत्तर तुला शोधायलाच नको. बझुका, खांद्यावरून रॉकेट डागायची नळी, १९४२ मध्ये आली. तिच्या पोकळ स्फोटकातून निघणारी धातूची धार इतकी वेगवान असते की समोरच्या द्रव्याच्या ताकदीपेक्षा त्याची घनता जास्त मोजली जाते. नुसत्या घनतेच्या हिशेबाने ती धार वज्रकात पोलादापेक्षा पावणेदोनपट खोल जाईल. वजनाच्या हिशेबात वज्रक तरीही सरस ठरतं, पण अभेद्यपणा वर्षभरात संपतो.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी लिहितो आहे, कारण तिच्यासाठी तुला कथेचा मध्यच उसवावा लागेल. अणुभट्टी न्यूट्रॉनांवर चालते, आणि त्यांचा वेग कमी करायला ग्रॅफाइट (कार्बनचं एक रूप) किंवा जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) वापरता येतं. बोरॉन मात्र न्यूट्रॉन गिळतं. ग्रॅफाइटमध्ये दशलक्षात काही भाग बोरॉन असलं तरी अणुभट्टी पेटत नाही. १९४१ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला भौतिकशास्त्रज्ञ वाल्थर बोटे यांच्या मोजमापात ग्रॅफाइट नापास झालं. त्यातली अशुद्धी हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. अतिशुद्ध ग्रॅफाइट महाग पडेल म्हणून जर्मनांनी नॉर्वेतल्या जड पाण्यावर भिस्त ठेवली, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये नॉर्वेच्या छापामारांनी तिथल्या कारखान्यातली जड पाणी बनवणारी यंत्रं उडवली. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी बोरॉनचा धोका ओळखून शुद्ध ग्रॅफाइट मिळवलं, आणि २ डिसेंबर १९४२ ला शिकागोत पहिली अणुभट्टी चालू झाली.

आता तुझ्या जगात ये. वज्रकामुळे जर्मनीत बोरॉनचं रसायन सर्वात प्रतिष्ठेचं झालं आहे. शेकडो माणसं रोज दशलक्षातला एक भाग मोजतात, तो काढून टाकायच्या स्वस्त रीती त्यांना पाठ आहेत. लार्देरेल्लोच्या प्रयोगशाळेत अशी एक मुलगी आहे. तिच्यासमोर एक दिवस कुठल्याशा भौतिकशास्त्रज्ञाचा ग्रॅफाइटचा तुकडा येतो; तो का नापास होतो ते त्याला कळत नाही. तिला मात्र दुपारपर्यंत कळतं. आणि संध्याकाळपर्यंत तिला हेही उमगतं की तो माणूस काय बनवतो आहे.

माझ्या मते तुझी कथा ही आहे. रणगाडे तिच्याभोवती असू देत, धुक्यातला प्रसंगही राहू दे. ती मुलगी अहवालात काय लिहिते, हे मी तुला सुचवणार नाही; ते तुझं तुलाच ठरवावं लागेल, कारण तिचं मन तू घडवायचं आहेस. पण ठरवल्याशिवाय पुढचं प्रकरण लिहायला घेऊ नकोस, आणि ठरवलंस की आधी मला कळव. भट्टी, वीज आणि चौकटींच्या वजनाचे आकडे मी बसवून देतो. तस्कराचा मार्ग तुर्कस्तानातून न्यायचा की लिस्बनमधून, यावर मात्र आपलं भांडण होणार, कारण मला लिस्बनच हवं आहे.

तुझाच,
वाट पाहणारा मित्र