विज्ञानकथेमागे एलईडी पडदा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नागपूरच्या हौशी रंगभूमीवर आलेला लेख वाचला. विज्ञानकथांच्या अभिवाचनाकडे तरुण प्रेक्षक वळवायचे असतील, तर कलावंतांच्या मागे एलईडी पडदा लावून त्यावर अवकाशयाने, ग्रह, यंत्रमानव दाखवावेत, असे लेखकाने सुचवले आहे. त्यांची कळकळ खरी आहे, पण सूचना मला मुळीच पटली नाही. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर आम्ही काही जण जुन्या विज्ञानकथांच्या श्रुतिका, म्हणजे फक्त ऐकायची नाटके, करतो. ध्वनिमुद्रण न करता, माइकसमोर, लोकांपुढे, एका दमात. म्हणून हे पत्र.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला प्रयोग ३० ऑक्टोबर १९३८ चा. एच. जी. वेल्स यांची मंगळवासीयांच्या स्वारीची १८९८ सालची कादंबरी ऑर्सन वेल्स यांच्या मंडळीने अमेरिकेत सीबीएस रेडिओवरून सादर केली. ती ऐकून अवघा देश रस्त्यावर आला, ही गोष्ट पुढे वर्तमानपत्रांनी बरीच फुगवली, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मला त्या गोंधळापेक्षा संहितेची बांधणी मोलाची वाटते. संहिता लिहिणाऱ्या हॉवर्ड कॉख यांनी इंग्लंडमधली घटना न्यू जर्सीच्या एका शेतात आणली आणि निवेदकाच्या जागी बातमीदार उभा केला. नाचाच्या संगीताचा कार्यक्रम चालू आहे, तो थांबवून बातमी येते, पुन्हा संगीत, पुन्हा बातमी. बातमीदाराचे काम करणाऱ्या फ्रँक रीडिक यांनी आदल्या वर्षी हिंडेनबर्ग हे वायूने भरलेले हवाई जहाज जळताना केल्या गेलेल्या धावत्या वर्णनाचे ध्वनिमुद्रण ऐकून आपला आवाज तयार केला होता. तो बातमीदार बोलता बोलता मध्येच तुटतो आणि काही सेकंद काहीच ऐकू येत नाही. त्या शांततेच्या वेळी मागच्या पडद्यावर काय दाखवणार? काहीही दाखवले तरी ऐकणाऱ्याच्या मनात तेव्हा जे उभे राहिले असेल, त्यापेक्षा ते लहानच असेल.

आमच्याकडे रूपांतर करताना पहिली घाई निवेदक घालण्याची होते. ‘मग तो दबकत दार उघडून आत गेला’ असे निवेदकाने सांगायचे, की लगेच दाराची करकर. एकच गोष्ट दोनदा. मी आधी एवढेच विचारते, की या कथेत मोठ्याने बोलण्याची गरज कुणाला आहे आणि तो कुणाशी बोलतो आहे. ‘टाइम मशीन’ मध्ये याचे उत्तर एच. जी. वेल्सने आयतेच दिले आहे. भविष्यातून परतलेला माणूस घरी जमलेल्या मित्रांना हकिकत सांगतो. मंगळाच्या स्वारीत ते शोधावे लागते, आणि आम्हाला ते नागपूरजवळच्या काटोलला सापडले.

आपल्या वाचकांना आठवत असेल, २२ मे २०१२ रोजी भर दुपारी काटोल परिसरात खरोखरच उल्का पडल्या होत्या. मोठा आवाज झाला, तुकडे गावात पडले, भूशास्त्रज्ञ धावले. त्यामुळे मंगळवासी ज्यातून येतात ते वेल्सचे नळकांडे काटोलच्या संत्र्याच्या बागेत पाडताना आम्हाला काही ओढूनताणून करावे लागले नाही. शेतकरी तहसील कचेरीत फोन करतो, “वावरात गड्डा पडला जी, अन् त्याच्यातून कोनी तरी झाकन फिरवून रायलं.” नळकांड्याचे झाकण आतून फिरते, हे मूळ कादंबरीतच आहे. तो आवाज आम्ही दगडी जात्यावर काढतो. दाणे न घालता वरची तळी अगदी सावकाश फिरवायची आणि माइक खालच्या तळीला जवळजवळ टेकवायचा. वऱ्हाडी बोलीतला तो फोन आणि पाठोपाठ ती घरघर आली की सभागृहात कुणी खुर्चीत हलत नाही. मंगळावर आता अवकाशयाने फिरतात, तेव्हा कथा अद्ययावत करा, असेही आम्हाला सांगितले जाते. मला ते नको. वेल्सचे मंगळवासी पृथ्वीवरच्या जंतूंनी मरतात. त्या कल्पनेला डागडुजीची गरज नाही.

वेल्सचाच ‘अदृश्य माणूस’ करायला घेतला तेव्हा वेगळाच पेच आला. श्रुतिकेत सगळेच अदृश्य! मग ग्रिफिन, म्हणजे तो अदृश्य माणूस, वेगळा कसा ओळखू यावा? उत्तर १८९७ च्या मूळ पुस्तकातच मिळाले. पाद्र्याच्या घरात चोर शिरतो त्या प्रकरणात नवरा-बायकोला आधी अनवाणी पावले ऐकू येतात आणि मग अंधारात जोरदार शिंक. ग्रिफिन दिसू नये म्हणून उघडा फिरतो, त्यामुळे गारठतो, सर्दीने बेजार होतो. आम्ही बाकी सगळ्यांना अंगभर आवाज दिले: बूट, किल्ल्यांचा जुडगा, कडक इस्त्रीच्या कापडाची सळसळ, खुर्चीचे कुरकुरणे. ग्रिफिनला फक्त श्वास, ओल्या तळव्यांची पटपट आणि शिंक. तालमीला दोन अंध मित्र येऊन बसतात. पाऊल एकीकडे आणि आवाज दुसरीकडे झाला की ते तिथल्या तिथे थांबवतात. संहितेतली निम्मी जास्तीची वाक्ये त्यांनीच काढायला लावली आहेत.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. काळातला प्रवास कानाला कसा ऐकवायचा? जुन्या सायकलचे मागचे चाक उलटे टांगायचे आणि आऱ्यांना पोस्टकार्ड लावायचे. त्या चाकाला सहसा ४० आऱ्या असतात. हळू फिरवले की घड्याळाची टिकटिक. दोन सेकंदांत एक फेरी झाली की सेकंदाला २० ठोके होतात, आणि साधारण तिथून पुढे कान ठोके सुटे मोजायचे सोडून देतो. सेकंदाला एक फेरी दिली की ४० ठोके, म्हणजे खर्जातली गुणगुण. आणखी वेग दिला की सूर चढत जातो. दिवस, महिने, वर्षे एकमेकांत मिसळून जाताना ऐकू येतात. वर्गात मी हेच चाक वारंवारता शिकवायला वापरत असे. एकाही चित्राने हे साधणार नाही, कारण मिसळून जाण्याची ही क्रिया त्या वेळी श्रोत्याच्या स्वतःच्या कानात घडत असते.

याच कारणासाठी आवाज काढणारी मंडळी आम्ही आडोशाला बसवतो. हल्ली त्यांना रंगमंचावर मध्यभागी बसवायची पद्धत आली आहे. लोकांना गंमत वाटते, टाळ्या पडतात, आणि तेवढ्यात मंगळ निसटतो. आमच्याकडे प्रयोग संपला की मुलांना वर बोलावतात. मग चाक फिरवा, जाते ओढा, विचारा हवे ते.

विषय परका वाटत असेल, तर जगदीशचंद्र बोस यांची कथा घ्या. १८९६ साली त्यांनी बंगालीत लिहिलेली आणि कुंतलीन या केशतेलाच्या कंपनीचे बक्षीस मिळवलेली ही कथा पुढे ‘पलातक तुफान’ या नावाने प्रसिद्ध झाली. कलकत्त्यावर येणारे वादळ वाटेतच नाहीसे होते. कारण जहाजावरच्या एका प्रवाशाने खवळलेल्या समुद्रावर केसांच्या तेलाची बाटली रिती केलेली असते. समुद्र आम्ही सुपात तुरीचे दाणे फिरवून करतो. दाणे थांबले की समुद्र थांबला.

नव्या मंडळींसाठी हक्कांबद्दल थोडे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. वेल्स १९४६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या कथा २००७ पासून मोकळ्या आहेत. बोस त्याआधी, १९३७ साली गेले. मात्र मराठी अनुवादाचा हक्क वेगळा असतो, कॉख यांच्या संहितेचाही वेगळा. म्हणून काम मूळ पुस्तकावरूनच करावे. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘द मशीन स्टॉप्स’ या १९०९ च्या अप्रतिम कथेसाठी २०३१ उजाडावे लागेल. जयंत नारळीकर गेल्यावर त्यांच्या कथा करण्याची इच्छा अनेकांनी बोलून दाखवली. त्यासाठी त्यांच्या वारसांची रीतसर परवानगी घ्यायलाच हवी.

पडद्याचे भाडे कुठून आणायचे, याची चिंता त्या लेखात होती. त्या पैशात तीन चांगले माइक येतील. आमची अडचण जागेची आहे. मोठ्या नाट्यगृहात ही श्रुतिका हरवते, शिवाय भाडे परवडत नाही. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे. तिथे अंधार आहे, खुर्च्या आहेत, विज्ञानाची ओढ असलेली मुले आहेत. महिन्यातून एका संध्याकाळी, शेवटचा खेळ संपल्यावर, प्रोजेक्टर बंद ठेवून ती जागा हौशी संस्थांना मिळावी, अशी माझी केंद्राला विनंती आहे. घुमटाखाली आवाज घुमेल, हे मी जाणते. माइक तोंडाशी ठेवून आणि ध्वनिक्षेपक कमी आवाजात, श्रोत्यांजवळ मांडून त्यावर काम करता येईल. आपल्या दैनिकाने हा विषय केंद्रापर्यंत न्यावा आणि नाटकांची परीक्षणे छापता तशी श्रुतिकांचीही छापावीत. आवाज काढणाऱ्यांची नावे त्यात असावीत.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
धरमपेठ, नागपूर