पांढरं जातं म्हणणाऱ्या बाईला आधी तपासा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये गदारोळ झाला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. यातल्या कितीतरी जणी ‘अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं’ एवढंच सांगायला दवाखान्यात गेल्या होत्या. कॅन्सरची भीती दाखवली गेली आणि पिशवी गेली. त्याआधी सरकारी दवाखान्यात त्यांना कुणी नीट तपासलं का नाही, याचं उत्तर मला आपल्याकडून हवं आहे.

या तक्रारीमागे बहुधा योनीतल्या उपयोगी जिवाणूंचं घटलेलं प्रमाण असतं, नाहीतर कॅन्डिडा ही बुरशी. दोन्हींची गणना लैंगिक संबंधातून लागणाऱ्या रोगांत होत नाही. बुरशी तर शरीरात असतेच. मधुमेह, गरोदरपण किंवा अँटिबायोटिकचं निमित्त होऊन ती वाढते. पण ‘गुप्तरोग’ हा एक शब्द कानावर पडला की घरात संशय सुरू होतो, म्हणून बाई बोलतच नाही.

हे आजचं नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, जगभर वाचलं गेलं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरिया आणि टीबीसाठी सूक्ष्मदर्शक असतो. त्याच्याखाली स्रावाचा थेंब ठेवला की बुरशीचे धागे दिसू शकतात. स्रावाची आम्लता मोजणाऱ्या पीएच पट्टीवर आकडा ४.५च्या वर गेला तर जिवाणूंचा बिघाड असण्याची शक्यता वाढते. तंत्रज्ञाला हे शिकवायला फार दिवस लागणार नाहीत. आज मात्र अनेकदा न तपासताच ‘हिरवं किट’ म्हणजे गोळ्यांचं तयार पाकीट हातात ठेवलं जातं. त्यात बुरशी आणि जिवाणूंचा बिघाड या दोन्हींवरच्या गोळ्या एकत्र असतात, आणि नेमकं काय झालं होतं ते बाईला कळतच नाही.

मला पडदा असलेली खोली, तपासणारी बाई, पीएच पट्ट्या आणि ही स्लाइड तपासण्याचं प्रशिक्षण, एवढंच हवं आहे. आणि तक्रारीची नोंद ‘स्त्री-आरोग्य’ म्हणून व्हावी.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. त्याआधी बीडपासून सुरुवात करा.

आपली,
ग्रामीण स्त्री-आरोग्याचं काम करणारी एक कार्यकर्ती