खोलीचा कोपरा

बर्लिन, १४ डिसेंबर २०२५

ती. बाबांस सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे नक्की करतेस तरी काय?" फोनवर ते धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

न्यूरल नेटवर्क म्हणजे थराथरांनी आकडेमोड करणारी, संगणकाला शिकवता येणारी रचना. त्यातला 'रेलू' हा अगदी साधा प्राणी. आलेली संख्या ऋण असेल तर शून्य देतो, नाहीतर आहे तशी पुढे सोडतो. अशांचा एक थर, त्यावर दुसरा. किती थरांत कोणतं फल (फंक्शन) तंतोतंत मिळतं, एवढाच माझा प्रश्न. जवळपासचं उत्तर चालत असेल तर एक थरही पुरतो. मला तंतोतंतच हवंय.

दोन संख्यांतली मोठी एका थरात निघते: अ वजा ब रेलूतून काढायचं आणि त्यात ब मिळवायचा. पण शून्य, क्ष आणि य यांतली सर्वांत मोठी? नाही निघत! कागद दुमडला की घडी या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते ना, तशी प्रत्येक रेलूची घडी अख्खी रेघ असते. एका थरात अशा घड्यांची नुसती बेरीज होते. आता मान वर करून खोलीचा कोपरा बघा. दोन भिंती आणि छत यांच्या तीन कडा तिथे येऊन थांबतात, पलीकडे जात नाहीत. या फलाचा आलेख तसाच आहे. अर्धवट थांबणारी घडी बेरजेतून येणार कुठून? त्याला दुसरा थरच लागतो.

पुढे कुस्त्यांसारख्या संख्यांच्या जोड्या लावायच्या, दर फेरीला एक थर: चौघांचा निकाल दोन फेऱ्यांत, पाचवा आला की तिसरी फेरी. याहून कमी थरांत भागणार नाही, असा अंदाज २०२१ मध्ये मांडला गेला. वजनं, म्हणजे थरांत ज्यांनी गुणायचं त्या संख्या, पूर्णांक असतील तर तो खरा आहे, हे २०२३ मध्ये सिद्ध झालं, तेही बहुतलांच्या, म्हणजे सपाट बाजूंच्या आकृत्यांच्या, घनफळांची सम-विषमता पाहून. तुम्हाला ती सिद्धता फार आवडेल. आणि यंदा पाच संख्यांतली सर्वांत मोठी दोनच थरांत काढून दाखवली! म्हणजे अपूर्णांक वापरल्याशिवाय ते जमणारच नव्हतं. बातमी वाचली त्या रात्री मला झोप नाही.

उलट बाजू अजून मोकळीच आहे. वजनांवर बंधन नसेल तर दोनाहून जास्त थर लागतातच असं एकही फल कोणी सिद्ध केलेलं नाही. मी तिथेच खोदतेय.

आईला नमस्कार. तुमचा जुना फळा माळ्यावरून काढून ठेवा, आले की पाचांची युक्ती त्यावर मांडते.

तुमची,
छकुली