उंचीचा दोरा

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

आबांचं तेरावं उरकून तू होस्टेलला निघालीस तेव्हा स्टँडवर विचारलंस, ‘आबा कुवेतबद्दल कधीच कसे बोलले नाहीत?’ तेवढ्यात एसटी सुटली. तुला काय सांगावं, हे तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

आबा चौदाव्या वर्षी उद्यमनगरात लोखंड कातायच्या लेथवर उभे राहिले. शाळा सातवीतच सुटली होती. घरात लग्नाच्या दोन बहिणी आणि डोक्यावर सावकाराचं देणं. 1973 नंतर तेलाचे भाव चौपट झाले, आखातात कामाला माणसं कमी पडायला लागली आणि मुंबईचा एक एजंट टर्नर-फिटर शोधत कोल्हापूरपर्यंत आला. 1976 साली, तेविसाव्या वर्षी, आबा महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघाले. ट्रंकेत दोन जोड कपडे, बारीक मापं घ्यायला व्हर्नियर आणि डंकावर कुटून आणलेल्या चटणीचा डबा. कुवेतमधल्या शुवैखच्या एका वर्कशॉपात ते चौदा वर्षं राबले. रजा दोन वर्षांतनं एकदा. स्वतःचं लग्न, आत्यांची लग्नं, सगळं त्या रजेत बसवलेलं. माझ्या जन्माला मात्र ते नव्हते.

लहानपणचे आबा म्हणजे माझ्यासाठी दोरा. आई माझे फोटो पाठवायची, तर ते लिहायचे, ‘फोटोत उंची कळत नाही.’ मग दर पाडव्याला आई मला भिंतीला पाठ लावून उभं करायची, टाचेपासून डोक्यापर्यंत शिवणाचा दोरा धरायची, तोडायची आणि पत्रात घालायची. तिकडनं सूचना यायची, दोरा ओढू नका, माप खोटं येतं. टर्नर माणूस! पंधरा-वीस दिवसांनी उत्तर, ‘गेल्या सालापेक्षा अडीच इंच. पोराला गंगावेशीत न्या, धारोष्ण दूध पाजा.’ मला राग यायचा. गल्लीतली पोरं बापाच्या खांद्यावर बसून खासबागेत कुस्त्या बघायची, आणि माझ्या बापाला नुसता दोरा हवा असायचा.

2 ऑगस्ट 1990 ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. पत्रं थांबली, फोन लागेना. आई रोज शेजारच्यांचा ‘पुढारी’ मागून आणायची आणि नुसती हातात धरून बसायची. तिकडं बँका बंद, आबांची शिल्लक अडकलेली. ते बसनं बसरा, बगदाद करत जॉर्डनला पोचले, वाळवंटात तंबूत राहिले. एअर इंडियानं अम्मानहून लाखावर भारतीय माणसं परत आणली, त्यातल्याच एका विमानानं आबा मुंबईला उतरले.

घट बसले त्या आठवड्यात, सकाळी, ते दारात. दाढी वाढलेली, हातात पिशवीसुद्धा नाही. मला म्हणाले, ‘भिंतीला लाग बघू.’ शर्टाच्या खिशातनं दोऱ्यांची गुंडी काढली, त्यातला त्या सालच्या पाडव्याचा दोरा सोडवून माझ्या पाठीशी धरला. मी बोटभर वर गेलो होतो. आबा तिथंच उंबऱ्यावर बसले आणि हुंदके देऊन रडले. त्यानंतर मी त्यांना कधी रडताना बघितलं नाही.

पुढं कुवेत मोकळा झाला, बोलावणं आलं. आबा गेले नाहीत. आईला म्हणाले, ‘पोराची दहा वर्षं मी दोऱ्यावर बघितली.’ त्या विषयावर मी ऐकलं ते एवढंच.

संयुक्त राष्ट्रांकडून काही वर्षांनी भरपाई मिळाली, तिच्यातनं आपला लेथ आला. त्यावर किती पोरं शिकली, ते तू स्मशानात बघितलंसच. दर होळीला आबा पंचगंगेच्या स्मशानभूमीला शेणी द्यायचे, आम्ही बरोबर जायचो. यंदा मी एकटा जाईन. अजून नीट कल्पना करवत नाही.

काल त्यांची हत्यारांची पेटी उघडली. व्हर्नियरखाली दोऱ्यांची पुडी होती, प्रत्येकाला सालाची चिठ्ठी. माझे सगळे आहेत. आणि एक नवा, पांढराशुभ्र. आठवतं, होस्टेलला पहिल्यांदा जायच्या आदल्या रात्री त्यांनी तुला भिंतीला उभं केलं होतं? ‘आबा, आता कुठं वाढणार मी!’ म्हणून तू हसली होतीस. त्याच्या चिठ्ठीवर तुझं नाव, तारीख, आणि खाली त्यांच्या अक्षरात, ‘ओढू नये.’

दिवाळीला आलीस की दाखवतो.

तुझा,
बाबा